पाच फानुरिस आणि पावणेचारची बोट

आमच्या बेटावर माणसं मोजायला सोपी. हिवाळ्यात दोनशे तीस, त्यातले पाच फानुरिस नावाचे. एरवी हे पाच कोणाला जड नाहीत. पण सत्तावीस ऑगस्टला, संत फानुरिसच्या दिवशी, म्हणजे त्यांच्या नावाच्या सणाला, पाचही जणांची दारं सताड उघडी असतात. आमंत्रण कोणालाच नसतं, त्यामुळे न जायला सबबही कोणाला नसते. उघड्या दारावरून कोणी तसंच पुढे गेलं तर घरवाला काही बोलत नाही. वर्षभर बोलत नाही.

नेमक्या त्याच दिवशी अनेझूलाबाईंची थेमेलिना सकाळी दहाच्या बोटीने आली. धक्क्यावरच्या खोक्यात तिकिटं मी विकते, म्हणून मला पहिलं कळलं.

"कल्लिरोईताई, पावणेचारची दोन तिकिटं. उद्या सकाळी आठला मोठ्या बेटावर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सात महिन्यांनी तारीख मिळालीय."

"आज तारीख कोणती गं?" मी विचारलं.

वीस वर्षं अथेन्सला राहिलेली मुलगी ती. आधी माझ्याकडे बघितलं, मग वर गावाकडे. "अरे देवा! आणि पुढची बोट?"

"शुक्रवारी."

अनेझूलाबाईंना उजव्या डोळ्याने काही दिसत नव्हतं आणि डाव्याने सोयीचं तेवढं दिसे. ऑपरेशनची त्यांना इतकी भीती, की आधी दोनदा तारीख मोडली होती. एकदा शेळी व्यायली म्हणून, एकदा स्वप्न वाईट पडलं म्हणून. या खेपेला लगेच हो म्हणाल्या, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बाईंनी दिवस बघून हो म्हटलं होतं.

अडीचला मी खोका बंद करून त्यांची बॅग उचलायला वर गेले. गावातून धक्क्याला उतरायला पायऱ्यांची एकच गल्ली, आणि सगळे फानुरिस त्याच गल्लीवर.

"आई, दारातूनच शुभेच्छा द्यायच्या. बसायचं नाही."

"बसतंय कोण?" असं म्हणत अनेझूलाबाई बेकरीवाल्या फानुरिसच्या सोफ्यावर बसल्या. तो सोफा असा खोल, की त्यातून उठायला दोघांचा हात लागतो. बशीत चमचाभर द्राक्षांचा मुरंबा आला, ग्लासभर पाणी आलं. चमचा खाली ठेवल्याशिवाय उठता येत नाही, आणि ठेवला की दुसरा वाढतात. थेमेलिना दाराकडे सरकली, तर दारात बेकरीवाल्याची सासू खुर्ची टाकून बसलेली.

"लग्न झालं का गं तुझं?"

"झालं, आजी. मोडलंही."

"मग बस की, घाई कसली आता!"

मास्तर फानुरिसकडे पंधरा मिनिटं गेली. गाढववाल्याकडे त्याने गाढवाच्या पोटदुखीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. चौथ्याची बायको म्हणाली, "वरच्यांकडे दोन चमचे खाल्लेत ना, मग आमच्याकडे एकच का?" आमच्याकडे या बातम्या माणसाच्या आधी पायऱ्या उतरतात. थेमेलिनाच्या कपाळावर घाम होता. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, श्वास कोंडतोय. अठराव्या वर्षी मी ह्याच्यापासूनच पळाले होते."

चौथ्या दारातून सुटलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. खाली बोट लागलेली दिसत होती.

"पोचलो!" थेमेलिना म्हणाली. कारण पाचवा फानुरिस हिशेबात नव्हता. तो अनेझूलाबाईंचा धाकटा दीर. अकरा वर्षांपूर्वी भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, वारला, तेव्हा चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला तो आला नव्हता. शेजारच्या बेटावर गेलो होतो, बोट चुकली, म्हणाला. बाईंनी ते कधी मानलं नाही. तेव्हापासून त्याचं दार त्यांना दिसत नसे, आणि त्यांच्यापुढे त्याचं नाव कोणी काढत नसे.

पण आज त्याच दारापुढे बाई थांबल्या. बोटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

"आई! अकरा वर्षं नाही, आणि आजच?"

"आज सणाचा दिवस," आतून आवाज आला. "राग धरू नये."

थेमेलिना पायरीवर मटकन बसली. "ही मुद्दाम बोट चुकवतेय, ताई."

"आत चल," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं.

फानुरिस हातात बशी घेऊन उभाच होता, भूत बघितल्यासारखा. बाई खुर्चीत घट्ट बसल्या आणि अगदी लहान लहान घास घेऊ लागल्या. पावणेचार वाजले. भोंगा झाला. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. पाच मिनिटांनी पुन्हा भोंगा. मग तिसरा, लांबलचक.

"गेली का?" बाईंनी विचारलं.

"नाही, वहिनी," फानुरिस म्हणाला. "जाईल कशी?"

"का?"

"दोर मी सोडतो. एप्रिलपासून धक्क्यावर मी आहे. खलाशांनी खुंट्याला हात लावायचा नाही, हा इथला नियम. आणि सणाच्या दिवशी पाहुणा घरात असताना मी बाहेर पडत नाही, हे कप्तानाला ठाऊक आहे. तुम्ही बसा. बसाल तोवर बोट थांबेल."

बाईंचा चमचा हवेतच राहिला. डावा डोळा माझ्याकडे वळला. "तुला माहीत होतं!"

"त्यांचं नाव काढायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत," मी म्हटलं.

बाहेर बोटीवरची माणसं ओरडत होती. बाई उठल्या असत्या तर बोटीत जावं लागलं असतं, बसून राहिल्या असत्या तर दिरासमोर राहावं लागलं असतं. त्या बशीकडे बघत राहिल्या.

"वहिनी," फानुरिस हळूच म्हणाला, "तेव्हा बोट माझ्यासाठी थांबली नव्हती. मी तिथल्या धक्क्यावरून हाका मारत होतो."

बाईंनी उरलेला मुरंबा संपवला. पाणी प्यायल्या. "साखर जास्त झालीय," म्हणाल्या, आणि उठण्यासाठी हात पुढे केला. थेमेलिना धावली, पण हात दिराच्या बाजूला होता.

बोट तेवीस मिनिटं उशिरा सुटली. फानुरिसने खुंट्यावरून दोर काढला. बाई कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"शुक्रवारी परत येऊ तेव्हा दोर धरायला तूच का रे?"

"मीच, वहिनी."

"मग नीट धर," त्या ओरडल्या. "तेव्हा मला दिसत असेल."