नूरमोहम्मदचाचांचं आव्हान

नूरमोहम्मदचाचा रोज संध्याकाळी नातीला, तबस्सुमला, उस्मानपुऱ्यातल्या हॉलवर सोडायला यायचे आणि सराव संपेपर्यंत भिंतीकडेच्या खुर्चीत बसून राहायचे. शहागंजमधलं कापडाचं दुकान आता मुलं बघत होती, त्यामुळं त्यांना घाई नसायची. तनुजा तिथं मुलांना तलवारबाजी शिकवायची. चाचा कधी मध्ये बोलत नसत. त्या दिवशी मात्र मुलं बूट बदलत असताना ते उठून तिच्याजवळ आले. पूर्वी युरोपातली खानदानी माणसं अशाच तलवारींनी भांडणं मिटवायची, हे खरं का, असं त्यांनी विचारलं.

खरं आहे, तनुजानं सांगितलं. कुणी अब्रूवर बोट ठेवलं की त्याला आव्हान द्यायचे. दोन्हीकडून एकेक मध्यस्थ असायचा. जागा, वेळ, हत्यार, सगळं ते दोघं ठरवायचे. पण त्यांचं पहिलं काम वेगळंच असायचं: लढत न होता समेट होतो का, हे आधी बघायचं.

"मग तू माझी मध्यस्थ हो, बेटा," चाचा म्हणाले. "मला एका माणसाला आव्हान द्यायचंय."

तनुजाला हसू आलं, पण चाचांचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं.

तो माणूस म्हणजे कन्नडचे कारभारी जाधव, चाचांचे कॉलेजपासूनचे दोस्त. चाचांच्या नातवाच्या, जुनेदच्या, लग्नाच्या दावतीत कारभारींच्या हातात माईक आला. त्यांनी आपला जुना किस्सा सांगितला. तरुणपणी कन्नडच्या घाटात जीप उतरत असताना ब्रेक गेले. गाडीत त्यांची आत्या होती, पाहुणे होते, शेजारच्या सीटवर चाचा होते. कारभारींनी गाडी डोंगराला घासत घासत कशीबशी थांबवली. हा किस्सा सगळ्यांना पाठ होता. पण त्या दिवशी लोक रंगात आलेले पाहून त्यांनी पुढं एक वाक्य जोडलं: "आन् आमचे हे नूरमियां? ते तर कवाच उडी टाकून पसार झाले होते!" नवे व्याही पोट धरून हसले. चाचा जेवणावरून उठले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

त्यांनी माफी मागितली तर चालेल का, तनुजानं विचारलं.

"माफी नको. मला पळताना पाहिलं नाही, एवढंच त्यानं म्हणावं. बस."

हे मागणं तिला चमत्कारिक वाटलं. चाचा पळालेच नाहीत, असं कारभारींनी म्हणावं, हे चाचा का मागत नव्हते? रात्रभर तिच्या डोक्यात तेच घोळत राहिलं.

रविवारी ती एसटीनं कन्नडला गेली. कारभारी अद्रकाच्या शेतातून नुकतेच आले होते. सगळं ऐकून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. चारचौघांत आपण बोलायला नको होतं, हे त्यांनी लगेच कबूल केलं. पण खोटं बोललो, हे मात्र त्यांना मान्य नव्हतं.

"मी बाजूला पाहिलं तवा सीट रिकामी व्हती," ते म्हणाले. "गाडी थांबली तवा हा मागं रस्त्याच्या कडेला बसला व्हता, हात धरून. उडी टाकली म्हनून तर बोटं मोडली त्याची. आता मी पाहिलं नाय म्हनू तर ते खोटं व्हईल ना पोरी?"

मग तलवारीच्या आव्हानाचं काय, तिनं विचारलं. म्हाताऱ्यानं आव्हान दिलं आणि आपण गेलो नाही, असं व्हायला नको, असं म्हणून ते तयार झाले. त्यांच्या बाजूनं कुणी मध्यस्थ नव्हता. तेही काम त्यांनी तनुजालाच सांगितलं.

डॉक्टरांनी दोघांना तपासून होकार दिल्यावर तिनं शिकवायला सुरुवात केली. चाचा संध्याकाळी यायचे, कारभारी सकाळच्या गाडीनं. हत्यार म्हणून तिनं इपी नावाची तलवार निवडली, कारण तिच्यात अंगाला कुठंही टोक टेकलं तरी गुण मिळतो आणि नियम समजायला सोपे असतात. टोक बोथट असतं. मास्क आणि जाड जाकीट असल्यावर दुखापतीची भीती नव्हती.

चाचांना मूठ धरायला शिकवताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, हे तिला दिसलं. ती पेरावर चपटी झालेली होती. धावत्या जीपमधून पडलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, कोपरं सोलवटतात. बोटं अशी चेचत नाहीत. तिनं सरळ विचारलं. चाचांनी आधी तिच्याकडून वचन घेतलं की, मध्यस्थाला सांगितलेली गोष्ट मध्यस्थापाशीच राहील.

गाडीचा वेग कमी झाला होता, पण ती थांबत नव्हती, ते म्हणाले. पुढं वळण होतं, त्याच्याखाली दरी. ते उतरून पळाले खरे, पण गाडीच्या बरोबरीनं. कडेचा एक दगड उचलून त्यांनी मागच्या चाकापुढं टाकला, तो उडाला. दुसरा टाकून तो हातानं दाबून धरला. चाक त्यावर चढता चढता थांबलं, पण बोटं खाली सापडली.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सगळे त्याच्या गळ्यात पडत होते. आत्या त्याची दृष्ट काढत होती. तेव्हा जाऊन काय सांगायचं, की गाडी मी थांबवली? आणि नंतर सांगणं म्हणजे हात पसरणं झालं असतं."

तनुजाला आता दोघांचंही खरं कळलं होतं आणि ते कुणालाच सांगता येत नव्हतं. पण प्रश्न विचारायला बंदी नव्हती. पुढच्या सकाळी कारभारी जाकिटाचे पट्टे बांधत असताना तिनं सहज विचारावं तसं विचारलं, की ब्रेक नसताना उतारावर गाडी शेवटी थांबली कशानं?

हँडब्रेकनं, ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, की हँडब्रेकची तार तर आधीच तुटली होती. गिअरनं थांबली असेल. पण गिअर तर कधीचा टाकलेला होता, आणि डोंगराला घासून वेग नुसता कमी झाला होता. ते पट्टा हातात धरून तसेच उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा सराव नीट झाला नाही.

लढत सकाळीच ठेवली. हॉलमध्ये फक्त तिघं होते आणि दाराशी तबस्सुम. टोक लागलं की दिवा पेटवणारं यंत्र तनुजानं मुद्दाम जोडलं नाही. टोक लागलं की ज्याला लागलं त्यानंच सांगायचं, असा नियम तिनं केला. ज्याला आधी पाच वेळा लागेल तो हरला.

दोघं समोरासमोर उभे राहिले, सलामी दिली, आणि मग कितीतरी वेळ कुणीच पुढं येईना. शेवटी कारभारी शेतात खुरपं चालवावं तसे वाकून घुसले. चाचांच्या दंडाला टोक टेकलं.

"लागलं," चाचा म्हणाले.

पुढच्या खेपेला कारभारींनी मांडीकडं बघून, "लागलं," म्हटलं. एकदा दोघं एकदमच म्हणाले. दम लागत होता, तरी कुणी थांबायला तयार नव्हतं. तनुजाचं लक्ष कुणी लागलेलं लपवतंय का याकडं होतं. पण कपड्याला नुसतं घासून गेलेलं टोकही ते सांगत होते. चाचांची मूठ मात्र त्या दोन बोटांमुळं सारखी ढिली पडत होती. दोनदा इपी हातातून सुटली. दुसऱ्यांदा कारभारींनी ती उचलून मुठीच्या बाजूनं त्यांच्या हातात दिली, आणि देताना त्यांचा हात क्षणभर तसाच धरून ठेवला. बोटांकडं पाहिलं.

शेवटचं टोक चाचांच्या छातीला टेकलं. ते हरले होते. त्यांनी मास्क काढला, नियमाप्रमाणं हात पुढं केला.

कारभारींनीही मास्क काढला. चेहरा घामानं डबडबलेला होता.

"नूर, मी तुला पळताना पाहिलं नाय," ते म्हणाले. "मी समोर पाहत व्हतो. मागं काय झालं ते मला ठाऊक नाय. जुनेदच्या सासऱ्यालाबी मी हेच सांगीन."

चाचा म्हणाले, "एवढंच पाहिजे होतं."

ते चहा सांगायला तबस्सुमला घेऊन खाली गेले, तेव्हा तनुजानं कारभारींना विचारलं, की तुम्हाला कळलं ना?

"व्हय."

"मग त्यांना विचारलं का नाही?"

"पन्नास वर्सं तो बोलला नाय," कारभारी जाकिटाचे पट्टे सोडत म्हणाले. "त्याला सांगायचं नाय तर मी कशाला इचारू? त्याच्या दावतीत एकदा तोंड घातलं तेवढं लई झालं."

दोघा दोस्तांनी खाली टपरीवर चहा घेतला. बोलणं सगळं अद्रकाच्या भावाचं आणि जुनेदच्या बायकोच्या नोकरीचं चाललं होतं. तनुजा त्यांच्या शेजारी उभी राहून ऐकत होती. कारभारींच्या एसटीची वेळ झाली तेव्हा चाचा त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला रिक्षात बसले.