रुमालाखालचा टेपरेकॉर्डर

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. खोकं म्हणू नका, राग येतो मला. आज या कपाटावर धूळ खात पडलोय, पण एके काळी भलीभली माणसं माझ्यासमोर बोलण्याआधी घसा साफ करायची.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा माझी बटणं इतकी घट्ट होती, की दाबणाऱ्याचा अंगठा दुखायचा. दुकानातून मला एका पत्रकार बाईने उचललं आणि मग गाढवासारखं राबवून घेतलं. सभा, भांडणं, मुलाखती, आग लागलेल्या घराबाहेर रडणारी माणसं, सगळं मी ऐकलं. "याने मला कधी दगा दिला नाही," असं ती चारचौघांत सांगायची, आणि मी आपला फुगायचो.

तिची एक पद्धत होती. माझी फिरती चाकं बघून माणसं बुजतात, म्हणून ती माझ्यावर रुमाल टाकायची. बोलणं संपलं की मला बंद करायची आणि मगच रुमाल उचलायची. रुमाल आहे म्हणजे मी ऐकतोय, रुमाल नाही म्हणजे मी झोपलोय. तिच्या ओळखीच्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

ढब्बूलाही ठाऊक होतं. ढब्बू हा तिचा लहानपणापासूनचा दोस्त, शहरात बस चालवायचा. इतक्या वर्षांत एक अपघात नाही, म्हणून त्याचा सत्कार होणार होता. त्यासाठी तिने त्याला सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मुलाखतीला घरी बोलावलं. गप्पा रंगल्या आणि त्याच्या हाताने चहाचा कप लवंडला. ती फडकं आणायला आत गेली, तेवढ्यात या पठ्ठ्याने माझ्यावरचा रुमाल ओढून टेबल पुसून काढलं. त्याला वाटलं, मला बंद करूनच ती उठली असेल. ती परत आली तर मी उघडा. तिला वाटलं, त्याने बंद केलं असेल. माझी पाठ तिच्याकडे होती. चाकं मात्र ढब्बूच्या नाकासमोर गरगर फिरत होती, तरी त्याला दिसली नाहीत. का दिसली नाहीत, ते लगेच कळलं.

"पत्रकारीणबाई, एक सांगू? पण हे आपल्यातच हं."

"सांग की. माझ्या तोंडून कुठे जायचं नाही." काय आहे ते ऐकायच्या आधीच ती हे बोलून बसली.

ढब्बूची नजर अधू झाली होती. दिवसा कसंबसं भागायचं, पण अंधार पडला की समोरचं सगळं धूसर. डोळे तपासायला गेला तेव्हा तक्त्यावरची अक्षरं पाठ करून धडाधड म्हणून दाखवली होती. "पोरीचं शिक्षण होईपर्यंत ओढतो गं," तो म्हणाला.

तो गेल्यावर तिने लिहायला बसताना माझं बटण दाबलं, आणि हे सगळं तिच्यासमोर पुन्हा बोललं गेलं. तिचा चेहरा उतरला. अशी बातमी सरळ पहिल्या पानावर जाते, मित्रांनो. छापावी तर दोस्ताच्या पोटावर पाय. न छापावी तर संध्याकाळच्या बसमधली माणसं, आणि त्यांत तिची स्वतःची आईही असायची. तिने टेप कितीदा मागे नेली! पण ढब्बूचं बोलणं ऐकायला नाही. स्वतःचंच वाक्य ती ऐकत होती. माझ्या तोंडून कुठे जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने त्याला बोलावलं आणि टेप ऐकवली.

"मला वाटलं, बंद आहे," ढब्बू म्हणाला.

"मलाही."

"मग पूस की."

"पुसेन. पण मी ऐकलंय, त्याचं काय करू? आज संध्याकाळी बस काढू नकोस, ढब्बू. तूच साहेबांना जाऊन सांग."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी छापेन."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता," ती म्हणाली, आणि रडायला लागली. तो चहा न घेताच उठला.

ढब्बूने त्याच दिवशी स्वतः जाऊन साहेबांना सगळं सांगून टाकलं. सत्कार रद्द झाला, त्याला कमी पगारावर डेपोच्या खिडकीत बसवलं. बातमी कुठेच आली नाही. तिने त्याचं सगळं बोलणं पुसलं. पुढे तिच्या पर्समध्ये फोन आला, आणि माझी रवानगी इथे झाली. ढब्बू पुन्हा या घरात आला नाही. तिची आई डेपोत दिसली की हात धरून तिला बाकावर बसवतो, गुडघ्यांची चौकशी करतो. मैत्रिणीची करत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रं घरात असतील तर अधूनमधून पुसत जा, एवढंच मागतो. आणि कुणी विश्वासाने काही सांगू लागलं, तर आधी नीट ऐका, शब्द मग द्या. ऐकल्यावर जे करणं भाग आहे, ते त्याच्या तोंडावर सांगून करा. माझी बाई तेवढं नीट वागली, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. तरी परवा तिने मला खाली काढलं, तीच टेप लावली, आणि पुसलेला भाग संपेपर्यंत कान देऊन बसली.