दारात खोळंबलेली तार

मी काचेची तार बोलते आहे. माझा आवाज चढलेला वाटला, तर तो तसाच ऐकून घ्या. खालच्या पट्टीत बोलण्याइतकी सहनशक्ती माझ्यात उरलेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या काचेतून केसाहून बारीक तंतू ओढला, त्यावर आवरणे चढवली आणि मला भल्यामोठ्या रिळावर गुंडाळले. प्रकाश वाहून न्यायचा, एवढेच माझे काम. त्यात मी तसूभरही कुचराई केली नसती. परंतु ते काम माझ्या वाट्याला कोणी येऊ दिलेच नाही.

हे घर बांधले जात असताना, भिंतींना गिलावा होण्यापूर्वी, वायरमनने मला नळीतून आत ओढून घेतले. माझे एक टोक बैठकीच्या खोलीत खिडकीखालच्या डबीत आले. दुसरे फाटकाबाहेरच्या खड्ड्यात, इंटरनेट कंपनीच्या पेटीपासून वीतभर अंतरावर राहिले. "तुम्ही राहायला या, की लगेच चालू होईल बघा," असे घरमालकाला सांगून, माझ्या दोन्ही टोकांना निळ्या टोप्या घालून तो निघून गेला. त्या टोप्या आजही जागच्या जागी आहेत.

राहायला तिघे आले: मालक, त्यांची आई आणि पत्नी. आईंचे पाहून मीही तिला सूनबाईच म्हणू लागले. सूनबाईला दिवस गेले होते. गर्भ नाजूक असल्यामुळे प्रसूतीपर्यंत अंथरुणातून उठायचे नाही, अशी डॉक्टरीणबाईंची सक्त ताकीद होती. ती एका कार्यालयात इमारतींचे नकाशे काढत असे. कार्यालयाने घरून काम करण्याची मुभा दिली. मात्र महिना संपण्यापूर्वी घरी वेगवान इंटरनेट आले नाही, तर तिच्या जागी दुसरे माणूस नेमले जाणार होते.

कंपनीला पहिला फोन आईंनी केला. तो मी भिंतीतून शब्दन् शब्द ऐकला.

"काकू, पोस्टाचा कोड सांगा."

"नवीन घर आहे हो. घराघराला वेगळा मिळतो तो कोड आम्हाला अजून मिळालेला नाही."

"मग तुमचं घर सिस्टीममध्ये नाही."

"नसेल. पण मी त्याच घरात उभी राहून तुमच्याशी बोलतेय!"

"घर दिसल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही, काकू."

"खुर्चीत बसून कसं दिसेल? या इकडे. चहा करते, भिंतीला हात लावून बघा."

कोणीही आले नाही. माझ्या बाहेरच्या टोकापाशी जी पेटी आहे, तिच्या झाकणावर याच कंपनीचे नाव ठसठशीत अक्षरांत कोरलेले आहे. मला इथवर आणण्याची परवानगीही याच कंपनीने दिली होती. ज्या घराच्या भिंतीत तुम्ही तार घालू दिलीत, ते घर अस्तित्वातच नाही, असे सांगताना तुमची जीभ अडखळली कशी नाही?

मालक टपाल कार्यालयात गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले, की निरीक्षक प्रत्यक्ष येऊन घरात माणसे राहतात याची खात्री करतील, मगच कोड मिळेल. केव्हा येतील? "येतील हो. त्यांच्याकडे अख्खा विभाग आहे."

महिना सरत आला. पुढच्या फोनवर कंपनीच्या दुसऱ्याच माणसाने हळूच सुचवले, "शेजाऱ्यांचा पत्ता नि कोड द्या. सगळे तेच करतात." मालकांनी तसे केले आणि घर तत्काळ सापडले.

"खरं सांगितलं तेव्हा आंधळे होते मेले," आई म्हणाल्या.

तंत्रज्ञ आला. आला तो थेट शेजारच्या फाटकाशी उभा राहिला. तेथे राहणाऱ्या गृहस्थांना सारी गल्ली 'कुलूपवाले काका' म्हणते. कारण झाडांना पाणी घालतानाही ते फाटकाला कुलूप लावतात.

"अरे, तार इथं आहे! तुझ्या पायाशी!" आई ओरडल्या.

"दिसतेय, काकू. पण या फाटकावरच्या पाटीचा फोटो काढल्याशिवाय काम पुढं सरकत नाही. तुमच्याकडे जोडलं, तर वरून बंद करतील."

"मला नकोय तुमचं इंटरनेट," काका फाटकाआडून गुरगुरले. "तुमच्या बांधकामाची धूळ खाल्ली, तेवढी पुरे."

"तुमच्याकडे नको, आमच्याकडे नाही; मग काय झाडाला टांगू? आत पोटुशी पोर पडून आहे हो. तिची नोकरी जाईल."

काकांनी बराच वेळ किल्ल्या चाळवल्या. अखेर कुलूप उघडले.

माझ्या डोळ्यांदेखत दुसरी तार त्यांच्या घरात गेली. मधल्या दोन जाड भिंतींमुळे इंटरनेट इकडे पोहोचेना. सूनबाईची खाट भिंतीला चिकटवून पाहिली, व्यर्थ. कार्यालयाकडून इंटरनेटच्या वेगाची चाचणी व्हायच्या दिवशी, जिला उठण्याचीही बंदी होती, तिला खुर्चीसकट उचलून मालक आणि काका माझ्यावरून पलीकडे घेऊन गेले. खुर्ची हेलकावली, तेव्हा तिने दोन्ही हातांनी पोट धरले. ते मी विसरणार नाही.

नोकरी टिकली. तेव्हापासून ही वरात रोज सकाळी निघते आणि संध्याकाळी परतते. सोबतीला आई जातात, मालक कामावर जातात, आणि घर दिवसभर बंद असते. कुलूप अर्थात काकांनी दिलेले, चांगले दणकट.

काल निरीक्षक आले. त्यांनी घंटी वाजवली, खिडकीतून डोकावले, कुलूप ओढून पाहिले.

"अहो साहेब, आम्ही इथं आहोत!" आई शेजारच्या खिडकीतून ओरडल्या.

"मग तिथंच राहता ना?"

"राहतो त्याच घरात! दिवसा फक्त इथं असतो. तिथं इंटरनेट नाही."

"का नाही?"

"तुम्ही कोड दिला नाही म्हणून!"

"बाई, माणसं राहत असलेल्या घराला कोड मिळतो. या घराला कुलूप आहे."

"थांबा, किल्ली घेऊन आले!"

आई फाटकापर्यंत पोहोचल्या, तोवर निरीक्षकांनी 'घर निर्मनुष्य. पुढील पाहणी सहा महिन्यांनी' असा शेरा मारून गाडी वळवलेली होती.

संध्याकाळी खुर्ची माझ्यावरून परतत असताना सूनबाईने विचारले, "आई, बाळाच्या जन्मदाखल्यावर पत्ता कुठला घालायचा?" फोनवर कोणालाही निरुत्तर करणाऱ्या त्या बाई किल्ली काढून दाराचे कुलूप उघडू लागल्या.

म्हणून मी तुम्हांला विचारते, खुर्चीत बसलेल्या सज्जनांनो. घर उभे आहे. माणसे आहेत. मी आहे. पेटी वीतभर अंतरावर आहे. माझ्या तोंडावरची ही टोपी काढायला कोड लागत नाही. दोन बोटे लागतात.