शिकवून झालेला धडा

वही मास्तरांच्या छातीवर आपटली आणि अंगणातल्या धुळीत उताणी पडली.

"उचला," मुलीची आई म्हणाली. "उचला आणि वाचा. सही तुमचीच आहे ना?"

गणिताचे मास्तर वाकले. ऊन मानेवर चटके देत होतं. घराला लागूनच टोमॅटोचं शेत होतं. काठ्यांना बांधलेली रोपं बांधल्या जागीच वाळली होती आणि जमीन भेगाळून तिची ढेकळं झाली होती. तीन महिने त्या शेतात कोणाचं पाऊल पडलं नव्हतं.

मास्तर काही मायेपोटी आले नव्हते. नववीतली मुलगी तीन महिने गैरहजर होती आणि पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. "तिला आणून बसवा, नाहीतर पटावरून नाव काढायचं कारण मलाच द्यावं लागेल," असं मोठ्या बाईंनी बजावलं, म्हणून सायकल हाणत आले होते. इथे येऊन छातीवर वही खाल्ली.

वहीचं नाव 'जीवनकौशल्ये'. शनिवारचा शेवटचा तास. आरोग्य कसं सांभाळावं, पैसा कसा वापरावा, माणसांशी कसं वागावं, हे त्यात शिकवायचं असतं. उघडलेल्या पानावर मुलीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : 'विषबाधा झाल्यास काय करावे'. तारीख. त्याखाली अर्धं पान कोरं. आणि तळाशी लाल शाईत 'शिकवून झाले' हा शेरा आणि मास्तरांची झोकदार सही.

"त्या तारखेनंतर बरोबर एकोणीस दिवसांनी हिचा बाप शेतात आडवा झाला," आई म्हणाली. "फवारणीचा पंप पाठीवर गळत होता. शर्ट औषधाने चिंब. मी बाजाराला गेलेली. घरात ही एकटी. आणि ह्या शहाण्या बाईने काय केलं? त्याला हुडहुडी भरली म्हणून त्याच शर्टावर घोंगडी पांघरली! वर दूध पाजलं! औषधाची बाटली मातीत पुरली! डॉक्टर विचारतायत, कुठलं औषध होतं, कुठलं औषध होतं, आणि ही मुकी. अर्धा दिवस शर्ट अंगावर. अर्धा दिवस!"

"अगं, हळू," कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली. सगळी गल्ली तिला रेडिओ म्हणायची, आणि हळू बोलायचा सल्ला तिने द्यावा यात गंमत होती, पण हसलं कोणीच नाही.

"का हळू? शाळेत शिकवलेलं होतं हिला! मास्तरांनी घसा कोरडा केला असेल, आणि ही खिडकीबाहेर बघत बसली असेल. मग शाळेत पाठवून करायचं काय? घरी बसून भांडी घासेल, तेवढं तरी नीट येतं."

मुलगी दारात उभी होती. हाडं दिसतील इतकी वाळली होती. तिने मास्तरांकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट होतं.

"सर, चूक माझीच आहे," ती म्हणाली. "मला तो धडा आठवतच नाही. त्या शनिवारी मथळा लिहिला आणि मोठ्या बाईंनी मला कपाट आवरायला बोलावलं, बाकीचा तेव्हाच झाला असेल. मी नंतर कोणाची तरी वही बघून उतरवून घ्यायला पाहिजे होता."

"असेल," मास्तर म्हणाले.

एवढंच. असेल. चारचौघांत, भर दुपारी, एका पोरीच्या डोक्यावर अख्खा डोंगर ठेवला आणि वर हात झटकले.

कारण तो धडा झालाच नव्हता. त्या शनिवारीही नाही, कुठल्याच शनिवारी नाही. जीवनकौशल्यांच्या तासाला मास्तर गणित घ्यायचे. त्यांचा निकाल सतत सहा वर्षं शंभर टक्के होता, आणि तो असा दुसऱ्याच्या ताटातलं ओढून झालेला होता. मुलांना म्हणायचे, "मथळा लिहा, तारीख टाका, अर्धं पान सोडा, नंतर भरू. हं, आता वर्गसमीकरण काढा." महिनाअखेर पन्नास वह्यांवर पन्नास सह्या. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ऐटीत सांगायचे, "जगायला काय शिकवायचं? जगतातच की पोरं!"

घरातून काठीचा आवाज आला. मुलीचा बाप भिंत धरत, एकेक पाय ओढत बाहेर आला. हा माणूस पूर्वी शंभर किलोचं पोतं एकट्याने उचलायचा. आता त्याची बोटं स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावू शकत नव्हती. गुंड्या उघड्याच होत्या.

"मास्तर, हिच्या आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "डोकं फिरलंय तिचं. तुम्ही तुमचं काम चोख केलंत. आमच्याकडूनच झालं नाही." आणि त्याने काठी काखेत धरून हात जोडायचा प्रयत्न केला. हात एकमेकांना सापडेनात. डावा वर गेला की उजवा खाली यायचा.

मास्तर ते बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो त्यांना स्वतःलाही ओळखू आला नाही.

"जोडू नका. हात जोडू नका हो! मी शिकवलंच नाही."

"काय?"

"तो धडा मी घेतलाच नाही. गणित घेतलं. सही खोटी आहे. पोरगी कपाट आवरत होती की वर्गात होती, काही फरक नाही. वर्गातल्या एकालाही तो धडा माहीत नाही."

कुंपणापलीकडे रेडिओ पहिल्यांदाच बंद पडला.

आई ओरडेल असं मास्तरांना वाटलं. ती ओरडली असती, चप्पल काढली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. ती पायरीवर बसली.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी हिला ताटावर बसली की बोलते. घास तोंडाशी नेला की बोलते. बापाला खाल्लंस, म्हणते." तिने मुलीकडे मान वळवली, पण डोळे वर झाले नाहीत. "आणि तुम्ही आत्ता 'असेल' म्हणालात. मी ऐकलं. तेवढा एक शब्द तुम्ही कधी विसरू नका, मास्तर."

"नाही विसरणार."

"मग आता शिकवा. इथेच. काय करायचं असतं?"

मास्तरांनी हातातली वही चाळली. "पुस्तक... कपाटात आहे."

"म्हणजे तुम्हालाही येत नाही?"

"नाही."

"वा!" बाप म्हणाला, आणि खो खो हसत सुटला. हसताना काठी सुटली आणि मुलीने धावत जाऊन त्याला धरलं.

शनिवारी मास्तरांनी कपाटातून पुस्तक काढलं. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "हा धडा कागदोपत्री झालेला आहे. परत कसा घेणार? आधीच्या सहीचं काय सांगायचं तपासणीला?"

"खोटी आहे म्हणून सांगा."

"नोकरीवर येईल तुमच्या."

"येऊ दे." असं म्हणाले खरे, पण जिना उतरताना मनात पगाराचा हिशोब चालला होता. शूर वगैरे काही झाले नव्हते ते.

मुलगी आली होती. आईने वेणी घालून पाठवलं होतं. बापही आला, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून. "माझ्याशिवाय माझा धडा कसा होईल?" असं म्हणत पुढच्या बाकावर बसला. मास्तरांनी एकेक मुद्दा वाचला. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. भिजलेले कपडे लगेच काढा. साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. दूध पाजू नका, उलटी करायला लावू नका. औषधाची बाटली डॉक्टरांकडे न्या. वाचायला चार मिनिटंही लागली नाहीत. तेवढ्यासाठी एक माणूस आयुष्यभर पाय ओढणार होता.

मुलीने हात वर केला.

"सर, बाटली मी का पुरली ते विचारलंच नाही कोणी." ती उभी राहिली. "लोक म्हणतील बाबांनी मुद्दाम औषध पिऊन घेतलं. त्यांच्या नावाला डाग लागेल. म्हणून पुरली. याच्यावर पुस्तकात काय लिहिलंय?"

मास्तरांनी पान उलटलं. मागचं उलटलं. पुढचं उलटलं.

"काही नाही लिहिलं."

"मग लोक तसं म्हणाले तर काय करायचं?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"म्हणू द्यायचं," पुढच्या बाकावरून बाप म्हणाला. त्याने मान वळवून सगळ्या वर्गाकडे बघितलं. "नाव जाऊ दे रे पोरांनो. आधी माणूस दवाखान्यात न्या. जगला तर तो स्वतःच्या तोंडाने सांगेल काय झालं ते. मी सांगतोय ना?"

मुलीने ते लिहून घेतलं. तिचं बघून सगळ्यांनी लिहिलं. त्यानंतर मास्तरांकडे तिने एकदाही पाहिलं नाही, आणि पाहावं असं म्हणायचा हक्क त्यांना राहिला नव्हता.

घंटा झाली. कोणी उठेना.

"सर, पुढच्या शनिवारी काय?" एकाने विचारलं.

मास्तरांनी अनुक्रमणिका उघडली. कोऱ्या कागदावर सही मागितली तर. घरात कोणी हात उगारला तर. ओळखीच्या माणसाने नको तिथे हात लावला तर. जगावंसं वाटेनासं झालं तर. पाळी, दारू, कर्ज, नकार. एका धड्याला आज अख्खा तास गेला होता; बावीस धडे उरले होते आणि वर्ष संपायला शनिवार होते सहा.

त्यांनी मान वर केली. पन्नास चेहरे होते. यातल्या कुठल्या घराला कुठला धडा उद्या लागणार आहे, हे कुठल्याच समीकरणाने निघत नव्हतं. कुठले सोळा सोडायचे, ते ठरवत मास्तर खडू हातात घेऊन उभे राहिले.