हात वर केल्याशिवाय

"बाजी, आपके घर की सीढ़ियाँ बराबर नहीं हैं," सफदर पुटपुटला. मी धुतलेल्या चादरी घेऊन त्याच्या मागेच उभी होते आणि तो भिंतीला तळवा लावून थांबला होता. "ये चौथी वाली ऊँची है."

तेरा पायऱ्या. पंधरा वर्षं मी त्या झाडत होते. चौथी उंच असती तर ते सगळ्यात आधी माझ्या गुडघ्यांना कळलं असतं. घर कौन्सिलचं, म्हणजे नगरपालिकेचं. मी म्हटलं, "कौन्सिलला लिहिते." तो हसला, आणि उरलेल्या पायऱ्या पावलानं चाचपत चढला. गेल्या तीन उन्हाळ्यांत हाच माणूस तो जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायचा आणि वरची फळी करकरली की मी खालून ओरडायची.

ही एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्यातली गोष्ट. सफदर कुरेशी साहिवालचा, पाकिस्तानकडून अकरा कसोटी खेळलेला. बॅटिंगही करायचा, बोलिंगही. आमच्याकडे यॉर्कशरमध्ये प्रत्येक छोटा क्लब उन्हाळ्यापुरता एक परदेशी खेळाडू पगारावर ठेवतो, त्याला 'प्रो' म्हणतात. आमचा बेकशॉ क्लब लीड्सपासून आठ मैलांवर, एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे. आमचे हे, जगदीश, त्या क्लबाचे सेक्रेटरी. क्लबाच्या शंभर वर्षांत पहिलाच सावळा सेक्रेटरी, त्यामुळे टाय जरा जास्तच घट्ट बांधायचे. त्र्याऐंशी साली सफदरला यांनीच आणला आणि राहायला जागा मिळेना तेव्हा मला न विचारता म्हणाले, "आपली मागची खोली रिकामीच आहे की."

त्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे. सफदरनं पहिल्या दिवशी विचारलं, "ये वकील साहब कौन?" मी सांगितलं. थोडं थोडं करत सगळंच सांगितलं. तेव्हापासून मॅचला निघताना तो फोटोला सलाम करायचा. मला बाजी म्हणायचा, म्हणजे मोठी बहीण. माझ्या हातची डाळ खायचा आणि घरातलं मराठी ऐकून ऐकून मराठीत टोमणेही मारायला लागला होता.

मी क्लबाची स्कोअरर. त्याचं असं झालं, की आधीच्या बाई स्कारबरोला राहायला गेल्या आणि मी सँडविचचा ट्रे घेऊन नेमकी स्कोअररच्या लाकडी खोपट्यात शिरले. माझी शाळा सातवीपर्यंत. पण चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मला खेळाच्या नियमांचं पुस्तक मिळालं. ते मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत, जेवणाच्या सुट्टीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढलं. त्यात एक नियम होता, तो वाचून मला हसूच आलं. अंपायरनं खूण केली की स्कोअररनं हात वर करून 'कळलं' म्हणायचं, आणि तो हात दिसेपर्यंत पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. एवढ्या सगळ्या पुरुषांना मैदानात ताटकळत ठेवायचा अधिकार मला, लाँड्रीतल्या बाईला, कुणी दिला कोण जाणे. पाच वर्षांत मी तो कधी वापरला नव्हता. खूण झाली की माझा हात वर.

धाव निघाली नाही की वहीत टिंब काढतात. सफदरसाठी मी माझी एक खूण धरली होती. चेंडू त्याच्या बॅटला चकवून गेला की टिंबाखाली बारीक रेघ. नियमात असलं काही नाही, आपली माझी हौस. पहिल्या तीन वर्षांत एका डावात अशा तीन-चार रेघा असायच्या. या वर्षी मेच्या शेवटी मी एका पानावर एकोणीस मोजल्या.

हिवाळ्यात तिकडे सराव करताना चेंडू त्याच्या डाव्या गालफडावर बसला होता. आला तेव्हा डोळ्याखाली फिकट पिवळा डाग होता. "ठीक हो गया," म्हणाला. पण जेवताना ग्लासकडे हात न्यायचा तो दोन बोटं अलीकडेच मिटायचा. डाळ वाढून घेताना पहिला चमचा ताटाच्या कडेवर. बॅटिंगला तो आडवा उभा राहीना, छाती बोलरकडे करून उभा राहायला लागला, जसं कुणी फाटकात येऊन उभं राहतं.

तरी त्याच्या धावा होत होत्या. आमच्या लीगचे बोलर म्हणजे कुणी प्लंबर, कुणी भूगोलाचे मास्तर. त्यांचे चेंडू यायलाच इतका वेळ लागायचा, की माणूस अंदाजानंही खेळेल. बोलिंग तर पूर्वीसारखीच. विकेट पडत होत्या, क्लब जिंकत होता आणि कप दिसायला लागला होता.

त्यामुळे सगळ्यांनी या प्रकाराला आपापलं नाव दिलं. कॅप्टन म्हणायचा, थंडी. बारमधले म्हातारे म्हणायचे, रमझान, तोही संपून गेल्यावर. आमच्याकडे पाठ.

"अहो, सफदरचं जरा—"

"त्याची पाठ दुखतेय," हे पेपर खाली न करता म्हणाले.

"पाठ?"

"पाठच."

"मग ग्लास पाठीनं उचलतात का?"

पेपर खाली आला. "सुमन, पुढच्या उन्हाळ्यात त्यांची टीम इथे टूरवर येतेय. त्याचं नाव चर्चेत आहे. दोन वर्षं बाहेर बसलाय पोरगा. आपण काय बोलतोय याचा विचार करावा माणसानं."

"मी पाठच म्हटलं," मी म्हटलं.

जूनमध्ये फोटोवरची धूळ पुसताना मागून दोन पाकिटं खाली पडली. हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागाची, न फोडलेली. मी ती जिथल्या तिथे ठेवली. यांना सांगितलं तर म्हणाले, "दुसऱ्याची पत्रं आहेत." बरोबरच होतं ते. आमच्या घरात त्या वर्षी सगळेच फार बरोबर वागत होते.

जुलैत एकदा मी स्वयंपाकघरात वही घेऊन बेरजा तपासत होते. सफदर मागे येऊन कधी उभा राहिला ते कळलं नाही. त्यानं वही उचलली, मान डावीकडे वळवून उजवा डोळा पानाजवळ नेला.

"बाजी, ये नीचे लकीरें क्या हैं?"

"काही नाही. सवय."

त्यानं आणखी दोन पानं उलटली. गॅसवर भात रटरटत होता. मग त्यानं वही माझ्यापुढे ठेवली आणि डब्यातलं खोडरबर शोधून त्यावर ठेवलं. शोधताना त्यानं साखरेचा डबा सांडला, ते आम्ही दोघांनीही पाहिलं नाही असं केलं.

"बस, सितंबर तक," तो म्हणाला. "बाजी, मी दुसरं काय करणार? वडिलांचं सायकलचं दुकान आहे, ते भाऊ बघतो. मला हेच येतं."

मी खोडलं. मेपासूनच्या सगळ्या रेघा, एकेक पान करून. पान फाटू नये म्हणून तो कोपरा धरून बसला होता. खोडून झाल्यावर कागदावर पुसट पन्हळ राहिली. उजेडात तिरकं धरलं की सगळं दिसत होतं.

कपची फायनल ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आमच्याच मैदानावर. समोरच्या क्लबाचा प्रो बार्बाडोसचा, साडेसहा फुटी, त्यानं आदल्या महिन्यात एका पोस्टमनचा हात मोडला होता. त्यात यांनी शनिवारी सांगितलं, की पाकिस्तानच्या निवड समितीतले एक गृहस्थ ब्रॅडफर्डला मुलीकडे आलेत, त्यांना आपण बोलावलंय. सफदरनं ताट बाजूला सारलं आणि यांच्या पाया पडायलाच निघाला. यांनी त्याला वरच्या वर धरलं. दोघंही इतके खूश होते की मी बडीशेप आणायला आत गेले आणि तिथेच थांबले.

सकाळी जिन्यावर गाठला. "आज लोखंडी टोपी तरी घाल."

"जाळी के पीछे अँधेरा लगता है, बाजी." मग माझा चेहरा बघून, "घाबरू नका. दुआ करा. वकील साहेबांना पण सांगून ठेवलंय."

दुपारनंतर ढग गिरणीच्या धुराड्यापर्यंत खाली आले. वारा नव्हता. दोरीवर टांगलेले धावांचे पत्रे एरवी सतत वाजतात, ते गप्प होते. माझ्या शेजारी समोरच्या क्लबाचा स्कोअरर, आर्थर, चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला म्हातारा. आम्ही दोघं प्रत्येक चेंडू पुटपुटून जुळवत होतो. निवड समितीवाले गृहस्थ कोट घालून आमच्या खोपट्याच्या खालीच खुर्चीत बसले होते आणि हे त्यांना तिसऱ्यांदा चहा देत होते.

दुसरी विकेट पडली. सफदर आला. डोक्यावर काही नाही. पहिले पाच चेंडू दुसऱ्या टोकाकडून टाकणाऱ्या एका मास्तरांचे होते. त्यातून त्यानं तीन धावा काढल्या, शेवटची शेवटच्या चेंडूवर, आणि पुढच्या षटकाला तोच समोर आला. बार्बाडोसवाला साइटस्क्रीनपाशी जाऊन वळला.

पहिला चेंडू कानाजवळून गेला. सफदर हलला नाही. टाळ्या पडल्या.

"डोकं शांत आहे," खालचे गृहस्थ म्हणाले.

दुसरा हनुवटीखालून गेला. सफदर तेव्हाही हलला नाही. चेंडू विकेटकीपरच्या हातात जाऊन बसल्यावर त्याची बॅट थोडी वर आली. पुन्हा टाळ्या, या वेळी जास्त. मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. घाबरलेला माणूस अंग चोरतो, चुकवतो, निदान डोळे मिटतो. हा उभा होता, कारण त्याच्या लेखी तिथे अजून काही आलंच नव्हतं.

माझ्या पेन्सिलीनं टिंबाखाली रेघ काढली. दोन्ही टिंबांखाली. आर्थरनं ते पाहिलं.

तिसऱ्याला त्यानं बॅट उचलली, पण चेंडू आधीच खांद्यावर बसला. आवाज आमच्यापर्यंत आला, ओल्या सतरंजीवर काठी मारावी तसा. चेंडू उडून मागच्या बाजूनं सीमेबाहेर गेला. सफदरनं खांदा चोळला, मान हलवली आणि पुन्हा फाटकात उभा राहिला. बार्बाडोसवाला परत वळला नव्हता. कमरेवर हात ठेवून तो सफदरकडे बघत होता.

अंपायर मिस्टर ड्यूहर्स्टनी हात हलवून चार सांगितले, मग गुडघा वर करून त्याला हात लावला. म्हणजे चेंडू बॅटला नाही, अंगाला लागलेला. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

माझा हात वहीवर होता. तो तिथेच राहिला.

यजमान क्लबाच्या स्कोअररनंच हात करायचा, ही आमच्याकडची रीत. मिस्टर ड्यूहर्स्टनी पुन्हा खूण केली, शाळेतल्या मुलाला दाखवावी तशी सावकाश. मी आर्थरकडे पाहिलं. त्यानं पेन्सिल कानावर अडकवली आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"सुमन," खालून यांचा आवाज आला. "हात. हात वर कर."

मैदानात एकेक तोंड आमच्याकडे वळलं. कुणीतरी शिट्टी वाजवली. बार्बाडोसवाला चक्क गवतावर बसला.

"सुमन, काय चाललंय? ते बसलेत इथे. त्याचं वाटोळं करतेयस तू."

मला माहीत होतं. मी यांच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर यांचं ऐकायच्या पंधरा वर्षांच्या सवयीनं हात वर गेला असता.

शेवटी मिस्टर ड्यूहर्स्ट निघाले. त्यांच्या पुढे सफदर, बॅट काखेत, खांदा वाकडा, भराभर चालत. माझ्यावर चिडलेला मी त्याला कधीच पाहिला नव्हता. तो आमच्या खोपट्याशी आला. आत यायला चार लाकडी पायऱ्या आहेत. पहिलीवर त्याचं पाऊल पडलं ते हवेत, दुसऱ्या वेळी कडेवर, आणि तो कठड्यावर आपटला. खालचे गृहस्थ खुर्चीतून उठले. यांनी कप हातात तसाच धरला होता.

सफदर कठडा धरून सावरला. आवाज अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल एवढा.

"बाजी, हाथ उठाइए. कुछ नहीं हुआ. ये सीढ़ियाँ बराबर नहीं हैं."

मला हिंदी सुचेना, इंग्रजी तर नाहीच.

"पायऱ्या सारख्याच आहेत, सफदर," मी म्हटलं. "घरच्याही आणि इथल्याही. तुला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."