रिठदच्या परसातली आगबोट

"बंद टाकीत एकदम उतरायचं नाही. लोखंड हवा खातं." माझ्या टाकीचं झाकण बसवताना एक म्हातारा मिस्त्री असं म्हणाला होता. मी ते हसण्यावारी नेलं. तेव्हा मी नवीकोरी होते, आणि मला वाटायचं, मरण येईल ते समुद्राकडूनच.

मित्रांनो, मी एक जुनी आगबोट आहे. माझी आता फक्त पाण्याची एक टाकी उरली आहे. दीड पुरुष उंच, वाशिम जिल्ह्यातल्या रिठद गावात देवमनच्या घरामागे उभी. समुद्र इथून किती लांब, ते तुम्हीच नकाशात पाहा.

सुरुवातीला मी प्रवाशांची बोट होते. माझ्यात आरसे होते, पितळी दिवे होते. मग महायुद्ध पेटलं. आरसे उतरले, मला राखी रंग फासला, खोल्या तोडून एकावर एक झोपायच्या फळ्या ठोकल्या. मुंबईच्या धक्क्यावरून पलटणी माझ्यावर चढू लागल्या. पाण्याखाली शत्रूच्या पाणबुड्या फिरत, म्हणून अंधार पडला की काडीसुद्धा ओढायची बंदी. कोवळी पोरं माझ्या पत्र्याला पाठ लावून गप्प बसत. त्यांना प्यायला पाणी याच टाकीतून जायचं. माझ्या शेजारची एक बोट डोळ्यांदेखत बुडाली. मला ओरखडाही आला नाही. युद्ध संपलं तेव्हा बँड वाजला, हार पडले, नशीबवान बोट म्हणून लोकांनी मला हात लावून पाहिला.

नंतर कोणी विचारलं नाही. मला खाडीत बांधून टाकलं. टाकी रिकामी करून झाकण गच्च आवळलं. आत भिंतींवर गंज चढत गेला आणि त्या गंजाने आतली हवा हळूहळू खाल्ली. पुढे एक खलाशी साफसफाईला उतरला. तळाशी पोचला आणि झोप आल्यासारखा खाली बसला. त्याला उचलायला दुसरा धावत उतरला. दोघंही वर आले नाहीत. युद्धात शत्रूला माझ्यावरचा एकही माणूस नेता आला नव्हता. हे दोघं माझ्या पोटात गेले.

मग मला तोडलं. मिश्रीलाल नावाच्या व्यापाऱ्याने टाकी भंगारात घेऊन वाशिमला आपल्या कापसाच्या जिनिंगमध्ये बसवली. जिनिंग बंद पडलं, तेव्हा देवमनने ती ट्रॅक्टरवर घालून घरी आणली. कित्येक उन्हाळे मी त्याच्या गुरांना पाणी पाजलं. पुढे नळ आला, गुरं विकली गेली, आणि माझं झाकण पुन्हा आवळलं गेलं.

आता देवमनला माझ्यात सोयाबीन भरायचं आहे. त्याआधी गंज खरवडायला हवा. आज सकाळी त्याने झाकण उघडलं, तेव्हापासून त्याची शिकलेली सून स्नेहा आपल्या लहानग्या उत्कर्षला कडेवर घेऊन माझ्याभोवती घिरट्या घालत होती.

"बाबा, आत उतरू नका."

"काहून? अंदर वाघ बसून राह्यला काय?"

"वाघ असता तं दिसला असता."

तिने डब्यात दिवा पेटवून दोरीने आत सोडला. तो अर्ध्यातच विझला.

"तेल नसन त्यात," देवमन म्हणाला.

त्याची बायको भागिरथा हसली. "लेकरू शिंकलं तरी ही दवाखाना गाठते."

"हसा तुमी, आई. पण मी रिसोडहून येईपर्यंत थांबा. आल्यावर पंखा लावून हवा सोडू."

"बरं बाई, बरं," देवमन म्हणाला. रडणाऱ्या पोराला म्हणतात तसं.

दुपारी ती उत्कर्षला लस द्यायला रिसोडला गेली. तिची एसटी वळते न वळते तोच देवमन खरवडणी घेऊन आला. "सकाळपासून उघडंच हाय, आली असन हवा," म्हणत त्याने आत पाय टाकला.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तर तिला नुसता रंग देऊ नका. तिची सवय काय होती, तेही विचारा. टाकी असो, विहीर असो की धान्याचं पेव, जिथे दिवा विझतो तिथे माणूसही विझतो.

खरवडण्याचा आवाज मंदावत थांबला आहे. भागिरथा शिडीवर चढून आत वाकली आहे.

"अवो, काहून चूप झाले?"

ती पदर खोचते आहे. मला हाक मारता येत नाही. रिठदच्या आसपास कोणी असाल तर आत्ता देवमनच्या घरामागे जाऊन पाहा. आधी भागिरथेचा हात धरा.