बाल्कनीतली तार

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नव्या फ्लॅटमध्ये जयसिंग मास्तरांचं सगळं सामान मावलं, अँटेनाची तार तेवढी मावली नाही. जुन्या घराच्या गच्चीवर वीस मीटरची तार ऐटीत ताणलेली असायची. तिच्या जोरावर ते रोज सकाळी आजऱ्याच्या गुंडूशी बोलायचे. दोघंही हौशी रेडिओवाले, आयटीआयपासूनचे दोस्त. मास्तर पुढं तिथंच शिकवायला लागले, गुंडूनं गावी काजूचा कारखाना टाकला. रेडिओवरचं भांडण रेडिओवरच मिटवायचं, फोन करील तो हरला, असा त्यांचा रिवाज होता.

सोसायटीचे लोक गच्चीवरच्या तारेला नाक मुरडणार, हे मास्तरांनी स्वतःच ठरवलं आणि कुणाला विचारलंच नाही. त्यांनी एक ट्यूनर आणला, आखूड तारही सेटशी जुळवून देणारा डबा. बाल्कनीच्या कठड्याला चार हात तार बांधायची, ट्यूनरची बटणं फिरवायची, सेटवरचा काटा जुळला की झालं. जुनं घर सोडण्याआधी त्यांनी हा बेत गुंडूला ऐकवला.

"त्या डबड्याच्या नादी लागू नगंस," गुंडू म्हणाला. "काटा गप बसला म्हणून तार बोलती असं न्हाय. उंच बांध की!"

"तू काजू फोड. मला शिकवू नगंस," म्हणून मास्तरांनी सेट बंद केला.

नव्या घरात काटा झकास जुळला. गुंडूचा आवाजही खणखणीत आला, "जयसिंग, हाईस का?"

मास्तरांनी उत्तर दिलं. गुंडूनं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा उत्तर, पुन्हा तोच प्रश्न. मास्तरांचं डोकं फिरलं. आपलंच खरं करायला बेटा मुद्दाम बहिरा झालाय!

"फोन करून इचारा की," मास्तरांच्या बायको ललिताबाई म्हणाल्या.

"त्यानं करावा."

सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी ही जात. ट्यूनर बोटांना गरम लागायचा. काम करतोय म्हणजे तापणारच, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली. पुढं त्यांनी उत्तर देणंच सोडलं. हाक मात्र रोज ऐकायचे, आणि ती आली की त्यांना बरं वाटायचं.

एका सकाळी हाक आली नाही. दुसऱ्या दिवशी गुंडूच्या सुनेचा, स्वप्नालीचा फोन आला. गुंडूला लकवा मारला होता आणि वाचा गेली होती.

मास्तर आजऱ्याला धावले. गुंडू खाटेवर नुसता बघत होता.

"मामा रोज हाका मारायचे, काका," स्वप्नाली म्हणाली. "उत्तर आलं न्हाय की म्हणायचे, जयसिंग रुसलाय, येईल दोन दिसांत."

मास्तरांना तो गरम डबा आठवला. त्यांचा सगळा आवाज त्या डब्यातच जळून गेला होता, आजऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"दिलं हुतं रं उत्तर," ते म्हणाले. गुंडूनं डावा हात कसाबसा उचलून वर छपराकडं बोट दाखवलं. मास्तर लहान पोरासारखे रडले.

परत आल्यावर त्यांनी गच्चीसाठी सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, "बांधा की मास्तर, कोण नको म्हणतंय?" हे ऐकून मास्तरांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

वीस मीटरची तार उंच ताणली. ट्यूनर न लावताच काटा जुळला.

"गुंडू, हाईस का?"

तिकडं स्वप्नालीनं माईक सासऱ्याच्या तोंडाशी धरला होता. श्वास तेवढा ऐकू आला. मास्तरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा श्वासच.

आता मास्तर रोज सकाळी हाक मारतात, आणि गुंडूला ती स्वच्छ ऐकू येते.